दारूला न शिवणाऱ्याच्या यकृतात चरबी कशी?

संस्थेच्या आरोग्य तपासणी शिबिरात साखर आणि रक्तदाब तपासण्याचे टेबल आमच्याकडे असते. मागच्या शिबिरात सेक्टरमधले एक काका रांगेत न थांबता थेट टेबलापाशी आले. वय सदुसष्ट, अंगाने सडसडीत, सरकारी कार्यालयातून निवृत्त, दर पौर्णिमेला विहारात वंदनेला हजर. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट काढला आणि म्हणाले, "जयभीम. हे वाचा, आणि जमलं तर आमच्या घरी येऊन दोन शब्द सांगा." रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड टू' असे लिहिले होते. पोटात गॅस धरतो म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली होती. निदान घरी कळले तेव्हा थोरल्या मुलाने विचारले, "बाबा, खरं सांगा, ऑफिसात असताना घेत होता ना?" काकू दोन दिवस धड बोलल्या नाहीत.

हा प्रश्न किती लागला असेल हे आपल्या समाजात वेगळे सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच. आपल्या कित्येक घरांत आजोबांचा पगार गुत्त्यावर जात असे आणि त्यांच्या मुलांनी शीलाच्या बळावर बाटली घराबाहेर काढली. अशा घरात 'लिव्हरला सूज' या शब्दांचा अर्थ एकच लावला जातो. काकांच्या मुलाने तोच लावला. आम्ही त्यांना तेथेच सांगितले की तुम्ही खरे बोलता आणि रिपोर्टही खरा आहे. मात्र हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे टेबलावर पाच मिनिटांत सांगता येईना. म्हणून हा लेख.

डॉक्टरांचीही एकेकाळी हीच चूक होत असे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. युर्गेन लुडविग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली काही रुग्णांच्या यकृताच्या तुकड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली ती यकृते मद्यपींची वाटत होती. चरबी, सूज, व्रण, सारे तसेच. पण रुग्ण दारू पीत नव्हते. या आजाराला त्यांनी 'नॉन-अल्कोहोलिक', म्हणजे दारूविना होणारा, असे नाव दिले. पुढे चार दशके ते चालले. आजार ओळखताना दारूचे नाव घ्यावे लागते आणि त्यातून रुग्णाला लाज वाटते, म्हणून २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी मिळून ते बदलले. नव्या नावाचा अर्थ 'चयापचयाच्या बिघाडाशी निगडित यकृतमेद' असा होतो. म्हणजे साखर, चरबी, कमरेचा घेर आणि रक्तदाब यांच्या पंक्तीत हा आजार बसवला गेला. आमच्या मते हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

आपल्याकडे हा आजार किती, याचा शोध सुरुवातीला ज्यांनी घेतला त्यांत मुंबईचे डॉ. दीपक अमरापूरकर होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रेल्वेच्या दोन वसाहतींतल्या रहिवाशांची सोनोग्राफी केली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दवाखान्यात आलेले आजारी लोक न तपासता त्यांनी वसाहतीत राहणारी साधी माणसे तपासली, हे या अभ्यासाचे मोल. विशीच्या पुढच्या लोकांत शंभरात जवळपास १९ जणांच्या यकृतात चरबी आढळली. पुरुषांत हे प्रमाण शंभरात सुमारे २५, तर स्त्रियांत सुमारे १४ होते. रेल्वे क्वार्टर्समधले जीवन आणि आपल्या सेक्टरांतले जीवन यांत फारसा फरक नाही. तोच महिन्याचा पगार, तोच डबा, तीच लोकल. हे डॉक्टर २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत गाडीतून उतरून पाण्यातून प्रभादेवीच्या घराकडे चालत निघाले आणि वाटेत उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. मुंबईकरांना ती बातमी आठवत असेल. त्यांचे हे काम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता मूळ गोष्ट. यकृत, पित्त आणि आतड्यातले जंतू हे तिघे एकाच फेऱ्यात फिरतात. तो फेरा समजला की काकांचा रिपोर्ट समजतो.

'पित्त' या शब्दाने आपल्याकडे मोठा घोटाळा केला आहे. छातीत जळजळले की आपण म्हणतो पित्त झाले. ती जठरातल्या आम्लाची करामत असते. अंगावर गांधी उठल्या की म्हणतो पित्त उठले. ती ॲलर्जी असते. खरे पित्त पाहायचे तर मटणाच्या दुकानात जावे. कलेजी देताना खाटीक तिला चिकटलेली हिरवट पिशवी आधी अलगद सोडवून टाकतो, कारण ती फुटली तर सगळी कलेजी कडूजहर होते. त्या पिशवीतला कडू रस तो यकृतात तयार होतो आणि पिशवीत नुसता साठतो. खुद्दकपाठात शरीराचे जे बत्तीस भाग सांगितले आहेत त्यांत यकृत, आतडे आणि पित्त ही तिन्ही आहेत. आपले उपासक ते पाठ म्हणतात, तेव्हा ही नावे आपल्या तोंडी आधीपासूनच आहेत.

माणसाचे यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. त्यातले कामाचे द्रव्य म्हणजे पित्ताम्ले. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने आपण भितो, त्यापासूनच यकृत ती बनवते. रश्श्याच्या पातेल्यावरचा तेलाचा तवंग नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावला की निघतो. पित्ताम्ले हा पोटातला साबण होय. जेवणातली चरबी आतड्यात उतरली की पित्ताशय आकसते, पित्त आतड्यात येते आणि चरबीचे बारीक थेंब होऊन ती पचते. एवढे शाळेच्या पुस्तकात होते.

शाळेच्या पुस्तकात नव्हते ते असे. शरीरात कोणत्याही वेळी पित्ताम्ले असतात फार तर तीन-चार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल एवढी. चार माणसांच्या जेवणाची भांडी एवढ्याशा साबणात कशी घासायची? शरीराने त्यावर युक्ती केली आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शंभरातली सुमारे ९५ भाग पित्ताम्ले पुन्हा शोषली जातात, रक्तातून यकृतात परत जातात आणि तेथून पुन्हा पित्तात येतात. असे दिवसातून सहा ते दहा वेळा चालते. डेपोत बस एकच, पण ती दिवसभर फेऱ्या मारते म्हणून सगळ्यांना जागा मिळते, तसा हा प्रकार आहे. उरलेली पाच भाग मोठ्या आतड्याकडे निसटतात आणि शेवटी शौचावाटे जातात. तेवढीच, दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम, यकृत कोलेस्टेरॉल खर्चून नव्याने बनवते. हा निसटणारा अर्धा ग्रॅम लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

या फेऱ्यात वाटेवर जंतू भेटतात. आपल्या शरीरातले जंतू आपल्या पेशींच्या दहापट आहेत असे पूर्वीच्या पुस्तकांत असे. २०१६ साली केलेल्या नव्या हिशेबाने ते सुमारे ३८ लाख कोटी, म्हणजे पेशींच्या जवळपास बरोबरीचे ठरले. तरी थोडे नव्हेत, आणि बहुतेक सारे मोठ्या आतड्यात. ते पित्ताम्लांना नुसते जाऊ देत नाहीत. यकृताने जोडलेली शेपटी ते तोडतात, रेणूचा एखादा कोपरा छाटतात, आणि कोलिक आम्लाचे डिऑक्सिकोलिक आम्ल करून टाकतात. पित्ताम्लांच्या रचनेवर जर्मनीच्या हाइनरिख वीलांड यांना १९२७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि तरीही २०२० साली असे दिसून आले की जंतू पित्ताम्लांना नव्याच शेपट्या जोडून अगदी वेगळी पित्ताम्ले बनवतात. ती कोणी मोजलीच नव्हती.

ही छाटछूट महत्त्वाची का? कारण पित्ताम्ले साबण तर आहेतच, शिवाय ती निरोपेही आहेत. १९९९ साली तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिसले की यकृताच्या आणि आतड्याच्या पेशींत एक कुलूप आहे, त्याचे नाव एफएक्सआर, आणि त्याची किल्ली म्हणजे पित्ताम्ल. आतड्यात ही किल्ली फिरली की आतडे रक्तातून यकृताला कळवते, 'पुरे झाले, आता पित्ताम्ले बनवू नकोस.' त्याच निरोपाबरोबर यकृत चरबी आणि साखर बनवण्याचे कामही आवरते घेते. २००२ साली टीजीआर ५ नावाचे दुसरे कुलूप सापडले. ते फिरले की आतड्यातून जीएलपी-१ हा द्राव सुटतो, आणि तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतो. आज वजन उतरवणाऱ्या ज्या महागड्या इंजेक्शनांची चर्चा आहे, ती याच द्रावाची नक्कल करतात. तेव्हा जंतूंनी किल्लीचे दात बदलले की निरोप बदलतो. चुकीचा निरोप गेला तर यकृत साखर आणि चरबी बनवत राहते, आणि ती चरबी तेथेच साठते. म्हणून पोटातल्या जंतूंचा आणि रक्तातल्या साखरेचा संबंध आहे असे म्हणतात.

दुसरा रस्ता रक्ताचा. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाऊण भाग थेट आतड्याकडून पोर्टल शिरेने येतो. आतड्यात जे शिजते त्याचा पहिला वास यकृताला. आतड्याच्या आतल्या अंगाला एक चिकट थर असतो, तो जंतूंना भिंतीपासून दूर ठेवतो. चोथा मिळाला नाही तर जंतू हा थरच खाऊ लागतात, हे २०१६ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसले. भिंत झिरपू लागली की जंतूंचे विषारी अंश यकृतात पोचतात आणि चरबीवर सूज चढते.

आणि आता काकांच्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण गोष्ट. बीजिंगच्या संशोधकांना एक रुग्ण मिळाला, जो थेंबभरही न घेता गोड आणि पिष्टमय जेवणानंतर झिंगत असे. त्याच्या आतड्यात क्लेबसिएला जातीचा एक जंतू होता, जो साखरेपासून भरपूर मद्यार्क गाळत होता. मग त्यांनी यकृतात चरबी असलेले इतर रुग्ण तपासले, तेव्हा शंभरात सुमारे ६० जणांच्या पोटात अशी जात निघाली. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यकृतमेदाच्या रुग्णांच्या पोर्टल शिरेतले रक्त तपासले, तर त्यात बाहेरच्या शिरेपेक्षा कितीतरी पट अधिक मद्यार्क होता. यकृत तो वाटेतच निपटते, म्हणून माणसाला झिंग येत नाही आणि तोंडाला वासही येत नाही. प्रत्येक रुग्णाचे असेच असते असे कोणी म्हणत नाही. काकांच्या पोटात हा जंतू आहे की नाही हे आम्हाला ठाऊक नाही, आणि आपल्याकडे रोजच्या तपासण्यांत तो शोधतही नाहीत. पण हे ऐकल्यावर काका पहिल्यांदा मोकळे हसले. म्हणाले, "म्हणजे भट्टी आतच आहे. मग माझं शील मोडलं का हो?" आम्ही सांगितले की शील माणसाने घ्यायचे असते, जंतूंना ते लागू नाही.

काकांचा दुसरा आक्षेप असा होता की आपण तर लठ्ठ नाही. याचे उत्तर पुण्यात आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे, म्हणजे आपल्या परळच्या केईएमचे नव्हे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजनात एवढी मागे असलेली आपली बाळे चरबीत तितकी मागे नव्हती. कमी होते ते मुख्यतः स्नायू. वरून बारीक, आतून चरबीदार. २००४ साली याज्ञिकांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच छायाचित्र 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, बीएमआय, दोघांचा तंतोतंत २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्याच्या खेड्यांत तपासणी झाली, २०१० साली ती प्रसिद्ध झाली. त्यात यकृतात चरबी असलेल्या लोकांपैकी शंभरात ७५ जणांचा बीएमआय २५ च्या आतच होता. शेतात राबणारी, हाडकुळी माणसे ती. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या माणसांच्या पोटी जन्मलेल्यांना पोटभर मिळू लागते तेव्हा शरीर ते पोटातच साठवते, असा या अभ्यासांचा आम्ही लावलेला अर्थ. आपल्या समाजाला तर तो अधिकच लागू पडतो. काकांचे हातपाय काटकुळे, पण शर्ट वर केला तेव्हा पोट मडक्यासारखे. बारा वर्षांपासून मधुमेह.

मधुमेहाची त्यांची गोळी मेटफॉर्मिन. साठीच्या पुढच्या आपल्या निम्म्या वाचकांच्या डब्यात ती असेल असे वाटते. ही गोळी यकृताला साखर बनवण्यापासून आवरते हे माहीत होते. चिनी संशोधकांनी २०१८ साली दाखवले की नव्याने मधुमेह झालेल्यांना ती दिल्यावर तीनच दिवसांत आतड्यातल्या एका जातीचे जंतू घटतात, एक विशिष्ट पित्ताम्ल वाढते आणि आतड्यातले एफएक्सआर कुलूप अडते. म्हणजे जी गोळी आपण रोज मुकाट्याने गिळतो तीही याच फेऱ्यात हात घालते. येथे एक आठवण नोंदवावीशी वाटते. बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या वेदनेने फार छळले. मेटफॉर्मिन मधुमेहावर वापरल्याचे फ्रान्सच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी प्रसिद्ध केले ते १९५७ साली. महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे.

वाचक विचारतील, मग कुलूप उघडावे की बंद करावे? शास्त्रज्ञांतही यावर एकमत नाही. यकृतात उघडावे, आतड्यात बंद ठेवावे, असेही म्हणणारे आहेत. हे कुलूप उघडणारे ओबेटिकोलिक आम्ल नावाचे औषध पित्ताम्लापासूनच केले होते. त्याने यकृतावरचे व्रण काही रुग्णांत कमी झाले, पण अंगाला खाज सुटली आणि कोलेस्टेरॉल वाढले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यकृतमेदासाठी ते २०२० आणि २०२३ साली, दोनदा नाकारले. तेव्हा गोळीने जंतू आणि पित्त सुधारून देतो म्हणणाऱ्यांपासून जरा लांब राहिलेले बरे.

ताटाने मात्र सुधारता येते, आणि ते ताट आपल्याला नवे नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवले की भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जातीचे जंतू विशेष असतात. प्रिव्होटेला हा धान्य, डाळी आणि चोथा यांवर पोसणारा जंतू. आपल्या आयांनी भाकरी-कोरड्यास खाऊन तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला. कोकणातल्या घरी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, घाटावर ज्वारी-बाजरी आणि हुलग्याचे माडगे, सोबत माठ, चाकवत, शेवग्याचा पाला. गरिबीचे जेवण म्हणून आपण ते हसण्यावारी नेले. नोकरी लागली, रेशनचा गहू-तांदूळ घरात आला, पाहुण्यांपुढे भाकरी ठेवायची लाज वाटू लागली. मुंबईत तर सकाळी चहाबरोबर खारी किंवा बटर, दुपारी वडापाव, संध्याकाळी मुलांना नूडल्स.

मघाचा तो अर्धा ग्रॅम येथे कामी येतो. कडधान्यांचा चोथा आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो, त्यामुळे नेहमीपेक्षा थोडी अधिक पित्ताम्ले शौचावाटे जातात. ती तूट भरायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल खेचून घ्यावे लागते. कोलेस्टिरामीन नावाचे जुने औषध नेमके हेच करते. उरलेल्या चोथ्यावर मोठ्या आतड्यातले जंतू जगतात आणि त्यातून भिंतीच्या पेशींना पोसणारी आम्ले बनवतात. आठवड्यातून दोन-तीनदा मोड आलेले हुलगे किंवा मटकी, आणि दिवसातून एक वेळ भाकरी, एवढ्याने सुरुवात होते. सवय मोडली असेल तर हळूहळू वाढवावे. एकदम वाढवले तर गॅस धरतो आणि माणूस दुसऱ्याच दिवशी सोडून देतो.

सर्वांत वाईट ती साखर, विशेषतः पिण्यातली. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, आणि तो जवळपास सारा यकृतावरच येऊन पडतो. काकांना आम्ही दिवसाचा हिशेब करायला लावला. दिवसाला सहा कप चहा, दर कपात दीड चमचा, म्हणजे नऊ चमचे. मधुमेह झाल्यावर घरचा चहा बिनसाखरेचा झाला होता. पण खाली नाक्यावर मित्रांबरोबरचे चार कप हिशेबात कधी धरलेच नव्हते. नातवाची थंड पेयाची ३०० मिलिलिटरची बाटली पाहिली तर तिच्यात सुमारे ३० ग्रॅम, सहा-सात चमचे साखर. नातू अकरा वर्षांचा आहे. त्याचीही काळजी करायला हवी असे आम्ही म्हणालो, तर काकूंना ते पटले नाही. लहान मुलाच्या तोंडचे काढू नये, असे त्यांचे म्हणणे.

बिनपैशाचे सल्ले आणि पैशांचे काढे यांविषयीही लिहिले पाहिजे. करोनाच्या साथीत, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळे प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा किंवा गोळ्या घेत होते. डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी ते २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. आमचे मत विचाराल तर, ज्याच्या यकृतात आधीच चरबी आहे त्याने 'लिव्हर साफ करणारे' कोणतेही चूर्ण किंवा काढा डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. दुसरे त्याहून भयंकर. रोहू-कटल्यासारख्या माशांचे पित्ताशय कच्चे गिळल्याने मधुमेह जातो, अशी समजूत काही ठिकाणी आहे. माशाच्या पित्तात जे द्रव्य असते ते माणसाच्या मूत्रपिंडाला विष ठरते. अशा लोकांना डायलिसिसवर ठेवावे लागल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. जंतूंच्या कॅप्सूल विकत घेण्याविषयी एवढेच, की यकृतासाठी कोणता जंतू, किती आणि कोणाला, हे अजून ठरलेले नाही. घरच्या दह्याची वाटी स्वस्त आहे. अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासकांपैकी जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी त्या दिवसाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, नाही तर साखर एकदम उतरते.

वजन सत्तर किलो असेल तर साडेतीन किलो उतरले तरी यकृतातली चरबी कमी होऊ लागते, पाच ते सात किलो उतरले की सूजही उतरते. काकांसारख्या बारीक माणसाला त्याहून कमी पुरते. रोज अर्धा तास घाम येईल असे चालणे हे वजन न उतरता देखील उपयोगी पडते. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांच्या यकृतावर व्रण कमी आढळतात. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड ही औषधे, यकृतावर व्रण पडू लागलेल्या रुग्णांसाठी मंजूर झाली. ती महाग आहेत आणि सगळ्यांसाठी नाहीत.

कोणासाठी आहेत, हे ग्रेडवरून कळत नाही. सोनोग्राफीचा ग्रेड चरबी किती ते सांगतो. व्रण किती ते नाही, आणि माणसाला मारतो तो व्रण. त्यासाठी एक साधा हिशेब आहे, त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीच्या आकड्याने गुणायचे. प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. काकांचे वय ६७, एसजीओटी ३६, गुणाकार २४१२. प्लेटलेट २ लाख १० हजार म्हणजे २१०, एसजीपीटी ४९, त्याचे वर्गमूळ ७, गुणाकार १४७०. भागाकार १.६४. पासष्टीच्या आत १.३ पेक्षा कमी आणि पासष्टीच्या पुढे २ पेक्षा कमी आला तर मोठा व्रण असण्याची शक्यता थोडी. २.६७ च्या वर आला तर पुढची तपासणी टाळू नये. मधला आला तर फायब्रोस्कॅन करून घ्यावा. हा हिशेब काकांच्या थोरल्या मुलाने आमच्यासमोर मोबाईलवर दोनदा केला. नंतर काही बोलला नाही. वडिलांना नाक्यापर्यंत सोडून परत आला आणि स्वतःची साखर तपासायला रांगेत उभा राहिला. त्याची नोकरी रात्रपाळीची आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये यकृतमेद हा आजार मधुमेह, कर्करोग आणि हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तेव्हा पालिकेच्या दवाखान्यात मधुमेहाची चिठ्ठी काढताना यकृताचेही विचारायला संकोच करू नये. आकडा मोठा आला तर शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा परळचे केईएम आपल्याला जवळ आहे. संस्थेच्या पुढच्या शिबिरात फिब-४ चा कागद आम्ही टेबलावर ठेवणार आहोत. येताना सहा महिन्यांच्या आतला रक्ताचा रिपोर्ट आणावा. त्यात एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट हे तिन्ही आकडे असावेत, आणि तिन्ही एकाच दिवशीच्या रक्ताचे असावेत. सोनोग्राफी असल्यास मूळ रिपोर्ट आणावा, फिल्म नसली तरी चालेल.